गळ्यातला पट्टा

आमच्या उजव्या खांद्यात, मानेपासून चार बोटे खाली, एक ठणका कायमचा वस्तीला आला आहे. एरवी तो निमूट असतो. पण संक्रांतीच्या सुमारास थंडी पडली, सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या यात्रेची लगबग सुरू झाली, की तोही जागा होतो. कुणी विचारलेच तर 'छायाचित्रणाचा छंद, दुसरे काय' असे सांगून आम्ही विषय बदलतो. वस्तुतः हे दुखणे छंदाचे नाही, अडाणीपणाचे आहे. आणि त्याची सगळी हकीकत एका पट्ट्याभोवती गुंडाळलेली आहे.

कॅमेरा विकत घेतला तेव्हा त्याच्या खोक्यात एक पट्टा होता. अंगठ्याहून जरा रुंद, कंपनीचे नाव ठसठशीत अक्षरांत विणलेला. आम्ही तो मोठ्या भक्तिभावाने गळ्यात घातला. अशा पट्ट्याचे काम मर्यादित असते. हातातून कॅमेरा निसटला तर तो जमिनीवर पडू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. दिवसभर ओझे वाहण्यासाठी तो केलेलाच नसतो. पण हे आम्हाला सांगणार कोण? कॅमेऱ्याची काच, तिचे छिद्र, प्रकाशाचे गणित यांवर मित्रांशी तासन्‌तास वाद घालणारे आम्ही, पट्ट्याविषयी कधी एक वाक्य बोललो नव्हतो.

पुढे ७०-२०० मिलिमीटरची भारी भिंग आली. कॅमेरा एक किलोच्या आतबाहेर, भिंग दीड किलोची. म्हणजे अडीच किलोंचा ऐवज. अडीच किलो म्हणजे काय मोठेसे, बाजारातून आपण याहून जास्त कांदे आणतो, असे वाटेल. परंतु कांद्याची पिशवी आपण गळ्यात अडकवत नाही. गळ्यातले ओझे छातीसमोर लोंबते, डोके पुढे ओढते आणि त्याला मागे धरून ठेवण्यासाठी मानेच्या स्नायूंना क्षणभरही उसंत मिळत नाही. शिवाय पट्टा जितका अरुंद, तितका तोच भार कमी जागेवर रुततो. शाळेत 'दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावरील बल' हे पाठ करून गुण मिळवले होते. त्याचा अर्थ मानेला कळायला वीस वर्षे लागली.

तेव्हा कुणाच्या तरी सल्ल्यावरून आम्ही स्लिंग घेतली. एका खांद्यावरून तिरपी उतरून विरुद्ध बाजूच्या कमरेपाशी येणारी, जानव्यासारखी. कॅमेरा कमरेशी उलटा लोंबतो, हवा तेव्हा पट्ट्यावरून सरकत डोळ्याशी येतो. मान सुटली, आनंदीआनंद झाला. मात्र या स्लिंगचा सारा जीव एका लहानशा स्क्रूमध्ये असतो. कॅमेऱ्याच्या किंवा भिंगेच्या तळाशी तिपाईसाठी जे पाव इंची भोक असते, त्यात तो पिळायचा. चालताना कॅमेरा सतत झुलतो, फिरतो. त्या फिरण्याने स्क्रू कणाकणाने सैल होत जातो. रबरी चकती नीट दाबली गेली नसेल तर अधिकच. ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती असे म्हणता येणार नाही. ठाऊक होती; पण तपासायचे राहून गेले होते.

२०१४ सालची यात्रा. अक्षता सोहळ्याचा दिवस. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यापासून निघालेले साती नंदीध्वज देवळाच्या दिशेने सरकत होते. दुतर्फा पांढऱ्या बाराबंदीतली माणसे, माड्यांवर बायकापोरे, आणि मधूनमधून 'हर्र बोला हर्र'चा गजर. आम्ही गर्दीत घुसून टाचा उंचावून पाहत होतो. कुणाचा तरी धक्का लागला, कमरेशी एकदम हलके वाटले आणि खाली धप्प असा आवाज आला.

अडीच किलोंचा तो ऐवज एका म्हाताऱ्या बाईंच्या पावलावर पडला होता. अनवाणी पाऊल. अंगठ्याचे नख फुटून रक्त येत होते. आम्ही काहीतरी पुटपुटत खाली बसलो, तर त्याच आधी वाकून भिंग उचलू लागल्या होत्या. म्हणाल्या, "बाळा, तुझं काही फुटलं का रे?"

आम्ही भिंगेकडे पाहिले. अगदी खरे सांगायचे तर पावलाच्या आधी भिंगेकडे पाहिले. हे लिहिताना आजही संकोच वाटतो. मग भानावर येऊन रुमाल बांधला, "मावशी, दवाखान्यात चला" म्हणालो. त्यांनी हात झटकला. "अक्षता पडू दे आधी," एवढे बोलून नातवाच्या खांद्यावर हात ठेवून त्या लंगडत पुढे गेल्या. नाव विचारायचे राहिले. गाव विचारायचे राहिले.

त्या दिवशी आम्ही पुढे एकही छायाचित्र घेतले नाही. रिकाम्या हातांनी पाहत राहिलो, आणि कदाचित त्यामुळेच जी गोष्ट अनेक वर्षे भिंगेतून दिसली नव्हती ती दिसली. नंदीध्वजाची ती उंच, सजवलेली काठी एकच माणूस पेलतो. कशी? बुंधा कमरेशी टेकलेला, पाठ ताठ, गुडघे किंचित सैल. हात ओझे उचलत नाहीत. ते फक्त तोल राखतात. भार जातो तो थेट कमरेतून पायांत, पायांतून जमिनीत. भोवती सोबत्यांचे कडे, पुढचा थकण्याआधीच मागचा तयार. आणि या सगळ्यामागे यात्रेच्या आधी कित्येक रात्री गल्लीत केलेला सराव. आम्ही स्लिंग घेतली आणि दुसऱ्याच दिवशी गर्दीत उतरलो होतो.

मग ठिकठिकाणी तेच दिसू लागले. पंढरीच्या वाटेवर पखवाज वाजवणारा वारकरी मैलोन्‌मैल चालतो. त्याचा पट्टा रुंद असतो आणि वाद्य पोटाशी घट्ट बसते, झुलत नाही. डोक्यावर घडा घेणारी बाई आधी चुंबळ ठेवते. म्हणजे दाबाचे तेच शालेय गणित. महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला तो 'माथाडी' कामगारांसाठी. माथ्यावर ओझे वाहणाऱ्यांचे नावच त्यांच्या त्या अवयवावरून पडले. ओझे शरीरावर कुठे ठेवायचे, हे ज्ञान आपल्या भोवती इतके पसरलेले असताना आम्ही ते महागड्या वस्तूंच्या माहितीपत्रकात शोधत होतो.

तुटलेली कडी घेऊन आम्ही पिशव्या-पट्टे शिवणाऱ्या एका वयस्क कारागिरांकडे गेलो. त्यांनी स्लिंग उलटीपालटी केली, शिवण नखाने खरवडली आणि विचारले, "साहेब, हे सुटलं तर दुसरं काय धरतं?" आम्ही गप्प. "काहीच धरत नाही व्हय? मग बैलालासुद्धा आम्ही असं बांधत न्हाई." त्यांनी एक आखूड, जाड पट्टी शिवून दिली. तिचे एक टोक कॅमेऱ्याच्या बाजूच्या कडीत, दुसरे स्लिंगमध्ये. स्क्रू निसटला तरी कॅमेरा वीतभर खाली येऊन लटकतो, पडत नाही. बकलातून ओवलेल्या पट्ट्याचे शेपूट परत आत वळवून घ्यायलाही त्यांनीच शिकवले. नुसते बाहेर सोडले तर ते ओढीने सरकत जाते.

आता आमचे काही नियम झाले आहेत. भारी भिंग लावली की पट्टा कॅमेऱ्याला नव्हे, भिंगेच्या गळपट्ट्याच्या पायाला अडकवायचा. नाहीतर सगळा भार दोहोंच्या सांध्यावर येतो. तासाभराने खांदा बदलायचा, आणि दर वेळी स्क्रू बोटांनी पिळून पाहायचा. नान्नजच्या माळावर जाताना, जिथे १९७९ पासून माळढोकांचे अभयारण्य आहे आणि जिथे आता माळढोकापेक्षा काळवीटच बहुधा भेटतात, लांब भिंग नेतो तेव्हा दोन्ही खांद्यांवर बसणारा हार्नेस आणि कमरेला रुंद पट्टा. मोटारसायकलवर बसताना गळ्यात काही नाही, सगळे पिशवीत. आणि गर्दीत शिरताना पट्टा आखूड, कॅमेरा पोटाशी, एक हात सदैव त्याच्याखाली.

हा शेवटचा नियम कॅमेऱ्यासाठी नाही. पट्ट्याच्या सुरक्षिततेविषयी बोलताना सारे जण वस्तूच्या आणि वाहणाऱ्याच्या सुरक्षिततेविषयीच बोलतात. शेजारच्या अनवाणी पावलाचा उल्लेख आम्हाला कुठे आढळला नाही.

असो. अलीकडे एका यात्रेत आमच्यापुढे एक तरुण चालला होता. कमरेशी स्लिंग, तिला भलीमोठी भिंग, आणि ती पायांच्या तालावर झोके घेत होती. आम्ही न राहवून तिच्याखाली हात धरला. तो गर्रकन वळला. आम्हाला चोर समजला असावा. "दादा, स्क्रू बघा जरा," आम्ही म्हणालो. त्याने संशयाने पाहिले, मग पिळून पाहिला. दीड फेरा फिरला. तो काही बोलला नाही, फक्त पट्टा आखूड केला आणि गर्दीत मिसळून गेला. आम्ही सवयीने खाली पाहिले. भोवती कितीतरी पावले होती.