पुन्हा त्याच पाण्यात

माढ्याच्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, हे वाचकांस थोडे हास्यास्पद वाटेल. आमच्या मुलखात पाण्याशी पहिला परिचय व्हावयाचा तो विहिरीतच. वयाच्या नवव्या वर्षी कंबरेस पांगाऱ्याचा बिंडा बांधून आम्हांस मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीत ढकलण्यात आले. दोरी सुटली, दोन गटांगळ्या खाल्ल्यावर चुलत्यांनी केस धरून वर ओढले. त्यानंतर पन्नाशी उलटली तरी आम्ही पाण्यात उतरलो नाही.

म्हणूनच अभिलाष टॉमी यांचे चरित्र आम्हांस अस्वस्थ करते. नौदलातील हे वैमानिक १ नोव्हेंबर २०१२ रोजी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून मुंबईहून एकटेच निघाले, आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २०१३ साली परतले. दुसऱ्या कोणी एवढ्यावर जन्मभर व्याख्याने दिली असती! परंतु २०१८ साली ते गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. १९६८ च्या पहिल्या शर्यतीत जी साधने होती तेवढ्यांवरच, सूर्य-तारे पाहून, एकट्याने जग फिरावयाचे, असा तिचा नियम. ती पहिली शर्यत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी मुंबईत बांधलेल्या 'सुहैली'तून जिंकली होती. टॉमींची 'थुरिया' ही तिचीच गोव्यात घडविलेली प्रतिकृती. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात ती उलटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींचा कणा जायबंदी झाला. हालचाल करणे अशक्य. तशा स्थितीत तीन दिवस गेल्यावर 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांस उचलले. पुढे पाठीत टायटॅनियमच्या सळ्या बसविल्या, आणि चालणेही नव्याने शिकावे लागले.

तोवर ते नौदलाचे अधिकारी होते. धाडस हा त्यांच्या पेशाचाच भाग, असे म्हणून मनाची समजूत घालण्याची आमची सोय होती. जानेवारी २०२१ मध्ये ते निवृत्त झाले आणि तीही सोय गेली. कारण ४ सप्टेंबर २०२२ रोजी, कोणाचा हुकूम नसता, ते फ्रान्सच्या किनाऱ्यावरून त्याच शर्यतीस निघाले. तोच महासागर पुन्हा ओलांडून २३६ दिवसांनी दुसरे आले. पहिल्या आल्या त्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर.

गेल्या वैशाखात आम्ही मळ्यात गेलो होतो. पुतण्याचा मुलगा पाठीस प्लास्टिकचा रिकामा डबा बांधून त्याच विहिरीत डुंबत होता. "आजोबा, या की!" तो ओरडला. आम्ही चपला काढल्या, धोतर खोचले, शेवाळलेल्या पायऱ्या एकेक करून उतरलो. पाणी घोट्यास लागले, आणि मनगटावरचे घड्याळ भिजेल, ते ठेवून यावे, म्हणून आम्ही पुन्हा वर आलो.