वहीतलं आमचं घर

"आई, तुझ्या मनीप्लँटच्या बाटलीत अळ्या आहेत. वहीत आपलं घर लिहावं लागेल."

नववीतली लेक सांगत होती आणि माझं लाटणं हातातच थांबलं. मागच्याच महिन्यात शेजारच्या वहिनींचा मुलगा डेंग्यूनं दवाखान्यात होता. तेव्हा मीच तावातावानं म्हटलं होतं, "गटारं साफ करत नाहीत, दुसरं काय!"

डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो आणि बहुधा घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, हे मला या मुलांनी शिकवलं. 1979 च्या आंतरराष्ट्रीय बालकवर्षाच्या निमित्तानं लंडनच्या डॉ. डेव्हिड मोर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांनीच आरोग्याचे धडे इतरांना द्यावेत, अशी चळवळ सुरू केली होती. लेकीच्या बाईंनी ते वर्गात सांगितलं, वही-बॅटरी हाती दिली आणि बाजूला झाल्या. पुढचं सारं मुलांनी ठरवलं.

आधी कुणी दारात उभं करीना. मग त्यांनी काचेच्या बरणीत वळवळणाऱ्या अळ्याच नेऊन दाखवल्या. 'आठवड्याला पिंप कोरडं करा' म्हटल्यावर बायका चिडल्या. आमच्याकडे नळ तीन दिवसांनी येतो. साठवलेलं पाणी ओतायचं कुठं? मुलांनी तेही वहीत टिपलं. तोड काढली, नळाच्या दिवशी, पाणी भरण्याआधी पिंप घासायचं आणि वर फडकं घट्ट बांधायचं.

आणि आता आमचंच घर! मी हळूच म्हटलं, "अगं, आपलं नको लिहूस. लोक काय म्हणतील?"

"मग दुसऱ्यांचं लिहिलेलं कोण खरं मानेल, आई?"

मी निरुत्तर झाले. संध्याकाळी वहिनींकडे गेले आणि माझ्या बाटलीची गोष्ट स्वतःच सांगितली. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "चला, माझ्या फ्रिजमागचा ट्रे बघू या." त्यातही अळ्या होत्याच!

मैत्रिणींनो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून कोरडा दिवस आठवड्याला हवा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. घासणी फिरवायलाच हवी. कुंडीखालची ताटली, पक्ष्यांचं पाणी, गच्चीतला जुना टायर विसरू नका.

मुलांना आपण कामं सांगतो. कधीतरी वही त्यांच्या हाती देऊन बघा. फक्त आपलं घर त्यात लिहू द्यायची तयारी मात्र हवी.