साठीतलं टेस्टोस्टेरॉन

रिपोर्टवरचा टेस्टोस्टेरॉनचा आकडा खालच्या मर्यादेच्याही खाली आला, आणि मनात आधी आली ती शरम. साखर वाढली तर आपण चारचौघांत बोलतो; हे मात्र बायकोला सांगतानाही जीभ अडखळते. पुरुषाची किंमत आपण आजवर कशात मोजली, हा प्रश्न मला औषधापेक्षा मोठा वाटतो.

पुरुषत्व टिकवण्याचा ध्यास तसा जुनाच. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि अंगात तरतरी आल्याचं जाहीर केलं. पाण्यात काढलेल्या त्या अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हतंच. तरतरी बहुधा मनाचीच. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झालं ते १९३५ मध्ये.

चाळिशीनंतर ते वर्षाला साधारण एक टक्का घटतं. ही घट म्हणजे आजार नव्हे. सुटलेलं पोट, मधुमेह, अपुरी झोप यांनीही ते खाली जातं. खरी कमतरता असेल तर उपचार जरूर घ्यावा, त्यात कमीपणा कसला? हाच उपचार तपासणाऱ्या २०२३ च्या ट्रॅव्हर्स चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत. मात्र हृदयाचे अनियमित ठोके आणि हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त दिसलं. शिवाय बाहेरून हार्मोन घेतलं की शुक्राणूंची निर्मिती मंदावते, हे तरुण पोरांना कोणी सांगतं का?

जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून इंजेक्शन घेऊ नका. सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी तपासणी करा आणि हार्मोनतज्ज्ञ डॉक्टरांना भेटा.