त्यांनी हात आखडता घेतला

बरं करणाऱ्याचे उपकार मानायची आपल्याकडे रीतच आहे. माझ्यावर ज्या बाईंचे उपकार आहेत, त्यांनी मला बरं केलं असं मी म्हटलं तर पहिली हरकत त्याच घेतील.

नवऱ्याची बदली ट्रॅक्टरच्या कंपनीतून पुण्याहून मोलीनला झाली होती. मोलीन इलिनॉय राज्यात; मिसिसिपीचा पूल ओलांडला की आयोवातलं डॅव्हनपोर्ट. एवढी दक्षिणवाहिनी नदी नेमकी या पट्ट्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे मला दिशा कधी कळल्याच नाहीत. पहिल्याच हिवाळ्यात दारासमोरचा बर्फ फावड्यानं उपसताना कमरेत उसण भरली. वाकता येईना, खोकता येईना, कूस वळायची तर पलंगाची कड धरावी लागे. आईनं फोनवर फर्मान काढलं, "कुणी पायाळू सापडतो का बघ, कमरेला पाय लावून घे." तिथे पायाळू कुठून आणणार? शेजारणीनं सुचवल्या त्या नदीपलीकडच्या डॅव्हनपोर्टमधल्या कायरोप्रॅक्टर, म्हणजे मणके हातानं हाताळून उपचार करणाऱ्या बाई.

आणि डॅव्हनपोर्ट तर त्या विद्येचं मूळपीठच. चुंबकचिकित्सा करणाऱ्या डी. डी. पामर यांनी 18 सप्टेंबर 1895 रोजी इथेच हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं, अशी कथा आहे. दोन वर्षांत पामरांनी शाळा काढली. तिचं कॉलेज झालं आणि ते आजही ब्रेडी स्ट्रीटच्या चढावर उभं आहे. आमच्या बाई तिथल्याच पदवीधर. पण ही कथा त्या हसत हसत सांगायच्या आणि पुढे जोडायच्या, "कानाची नस पाठीतून जात नाही, हे आम्हाला त्याच कॉलेजात शिकवतात." आपल्याच घराण्याच्या मूळपुरुषाबद्दल इतकं मोकळं बोलणारी माणसं मी कमी पाहिलीत.

पहिल्या भेटीत त्यांनी कमरेला हात लावण्याआधी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. पडलीस का, ताप येतो का, वजन उतरलंय का, लघवीचा त्रास आहे का. गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली, उताणं झोपवून एकेक पाय सरळ वर उचलला, मग टाचांवर चालायला लावलं. पुढच्या भेटीत मला कुशीवर वळवून, वरचा गुडघा पोटाशी घेऊन त्यांनी एक छोटा, झटकन धक्का दिला. कट्ट असा आवाज झाला. हाड जागेवर बसलं वाटतं, असं मी म्हणाले. "ते जागेवरून हललंच नव्हतं," त्या म्हणाल्या. सांध्यातल्या द्रवात एकदम वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. तो आला तर आला, नाही तर नाही. मानेला मात्र त्यांनी हात लावला नाही. मान दुखतच नव्हती. शिवाय मानेला झटका दिल्यावर क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटते, तो धोका कारण नसताना कशाला घ्यायचा?

त्या दिवशी चालणं सोपं झालं आणि मी भारावून गेले. त्यावरही त्यांनी पाणी ओतलं. "बरीचशी कंबरदुखी काही आठवड्यांत आपसूक उतरते, माझ्या हातानं थोडा आराम पडतो इतकंच, सगळं श्रेय मला देऊ नकोस." अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं 2017 साली कंबरदुखीवर गोळ्यांच्या आधी शेक, मालिश, व्यायाम, मणक्यांची हाताळणी असे उपाय करून पाहा, असं सांगितलं, तेव्हा या मंडळींना केवढा आनंद झाला असेल. पण त्याच कागदावर फायदा माफकच असतो असंही लिहिलंय, हेही त्यांनीच मला दाखवलं.

मग त्या माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या. म्हणजे प्रत्यक्ष नव्हे. दवाखान्यातच मला पोळ्या लाटून दाखवायला लावल्या, हवेत. तिकडचा ओटा माझ्या उंचीला जास्त, त्यामुळे मी खांदे वर आणि पोट पुढे काढून तासभर उभी असायची. सिंकखालच्या कपाटाचं दार उघड, एक पाय आतल्या फळीवर टेकव, थोड्या वेळानं पाय बदल, असा उपाय निघाला. दिवाळीत चकल्यांचा डबा नेला, तर आधी सोऱ्या कसा फिरवतेस ते करून दाखव म्हणाल्या!

टाचांवर चालण्याची परीक्षा मात्र दर खेपेला व्हायची. मला तो पोरखेळ वाटायचा. वसंतात दुखणं उलटलं, कळ उजव्या पायात उतरली, आणि एके दिवशी त्या परीक्षेत उजवा अंगठा वर उचलेचना. बाईंनी मला टेबलावर घेतलंच नाही. "आता हे माझ्या हातातलं काम नाही," एवढं बोलून त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला आणि एमआरआयची सोय करून दिली. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती सरकून नसेवर बसली होती. छोटं ऑपरेशन झालं, अंगठ्यात हळूहळू जोर आला. त्या दिवसाची फी त्यांनी घेतली नाही. त्याच गावात एक्स-रे दाखवून घाबरवणारी आणि वर्षभराचं पॅकेज आगाऊ विकणारी दुकानंही होती. मी तिथं गेले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी टाळते.

आता मी पुण्यात आहे. कंबर अधूनमधून बोलते. चालणं, व्यायाम आणि फळीवरचा पाय यांवर निभतं. भाचे मंडळी टॉवेलनं मान ओढून कडाकड हाडं वाजवणारे व्हिडिओ पाठवतात आणि विचारतात, "मावशी, हेच ना ते?" ते हे नव्हे.

जायचंच असेल तर त्या माणसाचं शिक्षण कुठं झालं ते विचारा, आणि कुठल्या दुखण्याला तो नाही म्हणतो तेही विचारा. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद कमी झाली, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र कुणाकडूनही हाडं वाजवून घेऊ नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.