पांजाळची श्येनवेदी आणि शुल्बकारांची मापे

कोकण रेल्वेने केरळात उतरणाऱ्या मराठी यात्रेकरूच्या टिपणात गुरुवायूर असते, कालडी असते. पांजाळ बहुधा नसते. शोरनूर स्थानकावर उतरून भारतप्पुझा नदी ओलांडावी (तिकडील लोक हिला निळा असेही म्हणतात), चेरुतुरुत्ती येथील कथकळीचे कलामंडलम् मागे टाकावे, की थोडक्याच वेळात त्रिशूर जिल्ह्यातील हे लहानसे गाव लागते. लक्ष्मीनारायणाचे देऊळ, नारळ-पोफळी आणि भाताची खाचरे. सन १९७५ च्या एप्रिलात येथील नंबुद्री ब्राह्मणांनी बारा दिवसांचे अग्निचयन केले व फ्रिट्स स्टाल या डच पंडिताने ते साद्यंत टिपून घेतले. २०११ साली ते पुन्हा झाले. तथापि भव्य यज्ञशाळा पाहावयास मिळेल, या आशेने कोणी जाऊ नये. विधी संपताच मंडप अग्नीस अर्पण करण्याची रीत आहे.

मग आम्ही गेलो कशास? आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एकाच्या मते आजचे सारे गणित वेदांत आधीच सांगितलेले आहे. दुसऱ्याच्या मते परिघ व्यासाच्या तिप्पट मानणाऱ्यांकडून काय शिकावयाचे! दोघांनीही शुल्बसूत्रे उघडलेली नाहीत. जन्मभर मुलांना भूमिती शिकविलेल्या माणसास हे ऐकून स्वस्थ बसवत नाही. ज्या भूमीवर सूत्रातील दोरी प्रत्यक्ष ताणली गेली, ती एकदा पाहावी असे मनात आले.

शुल्ब म्हणजे दोरी. वेदीचे माप कोणत्याही राजाच्या गजाने घेत नाहीत. यजमानाने हात उंचावून उभे राहावे. भूमीपासून बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर तो एक पुरुष. त्याचा पाचवा भाग अरत्नि, दहावा प्रादेश. पुरुषाची अंगुळे १२०, आणि बौधायनाने अंगुळ ३४ तिळांचे सांगितले आहे. यजमान उंच असो की ठेंगणा, वेदी त्याच्याबरोबर लहानमोठी होते. प्रमाण मात्र ढळत नाही. श्येनाचे, म्हणजे ससाण्याचे, क्षेत्रफळ साडेसात वर्गपुरुष. मूळ मांडणीत धड ४, प्रत्येक पंख १ पुरुष रुंद व त्यात एक अरत्नि मिळवून तितका लांब, म्हणून दोन्ही मिळून २.४, आणि शेपूट प्रादेशाने वाढवून १.१. वाचकांनी बेरीज करून पाहावी. पाच थर, प्रत्येकी २०० विटा. आणि लगतच्या दोन थरांत सांध्यावर सांधा येऊ द्यावयाचा नाही! आमच्याकडील कोणताही जाणता गवंडी याला मान डोलवील.

आता अचूकपणाचे पाहू. चौरसाच्या कर्णासाठी बौधायन सांगतो: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्याचा चौथा मिळवावा, आणि या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करावा. हिशेब केला तर गुणोत्तर ५७७/४०८ येते. ५७७ चा वर्ग ३३२९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. सव्वातीन लाखांहून अधिक संख्येत फरक केवळ एकाचा! एक पुरुष बाजूच्या चौरसावर ही चूक तिळाच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही होत नाही. विटा मांडणाऱ्यास एवढ्याची काहीच गरज नव्हती. म्हणजे कोणीतरी गरजेपुरते न थांबता पुढे मोजीत गेला.

वर्तुळाशी मात्र हीच दोरी अडखळते. गार्हपत्य वर्तुळ, आहवनीय चौरस व दक्षिणाग्नि अर्धवर्तुळ असून तिन्हींचे क्षेत्र समान हवे, म्हणून चौरसाचे वर्तुळ करण्याची कृती दिली आहे. तीत शेकडा पावणेदोनाच्या आसपास चूक येते. यूपाच्या खड्ड्याला तर परिघ सरळ तिप्पट. उलट, वर्तुळाचा चौरस करताना व्यासाचे पंधरा भाग करून दोन टाकावेत, असाही उपाय आहे. त्यात क्षेत्र शेकडा चारांहून अधिक कमी पडते. पण येथेच बौधायन एक शब्द घालतो: अनित्य. म्हणजे हे माप पक्के नव्हे, कामचलाऊ आहे. आमच्या घरातील पहिला पक्ष हा शब्द वाचीत नाही आणि दुसऱ्यास तो ठाऊक नाही. आम्हांस तर सगळ्या शुल्बसूत्रात हाच शब्द मोलाचा वाटतो. आपल्या धर्मग्रंथातील मापावर 'हे स्थूल आहे' असे स्वतःच लिहून ठेवणारा मनुष्य पोरांपुढे उभा करण्याजोगा आहे. (परीक्षेत 'सुमारे' हा शब्द गाळणाऱ्यांचे गुण आम्ही कापीत असू.)

पांजाळहून परतताना याच जिल्ह्यातील इरिंजालकुडा येथे उतरावे. तेथे भरताचे, म्हणजे रामचंद्राच्या बंधूचे, कूडलमाणिक्यम् हे प्रसिद्ध देऊळ आहे. पुरुषांनी सदरा काढून जावे लागते. चौदाव्या शतकातील गणिती माधव ज्या संगमग्रामाचा, ते हेच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. नऊ निखर्व व्यासाच्या वर्तुळाचा परिघ त्याने २८२७४३३३८८२३३ इतका दिला. भागाकार करून पाहिला तर आजच्या मूल्याशी तो दशांशचिन्हापुढे अकरा स्थळांपर्यंत आसन्नाने जुळतो. इरिंजालकुडा नावाच्या स्थानकापासून गाव बरेच दूर आहे, म्हणून त्रिशूरहून मोटारीने जाणेच सोयीचे.