विहीणबाईंची दोन ताटं
२०२० चा नाताळ मी लेकीच्या सासरी, पोलंडमध्ये क्राकुफला होते. २४ डिसेंबरचं जेवण तिथे पहिली चांदणी दिसल्यावर सुरू होतं; मांस वर्ज्य, पण मासा असतोच. माझा तर रात्रिभोजनाचा त्याग, आणि तिकडे सूर्यास्त पावणेचारच्या सुमारास! विहीणबाईंनी तीनलाच मला सुक्या सफरचंद-आलुबुखाराचं गरम कोंपोत दिलं. ओप्लातेक म्हणजे पिठापाण्याची पातळ पापडी. एरवी एकमेकांच्या हातातली मोडून शुभेच्छा देतात, त्या वर्षी ज्याने त्याने आपलीच मोडली. अवचित पाहुण्यासाठी एक ताट रिकामं ठेवायची रीत आहे. सरकारने बाहेरचे पाच पाहुणे चालतील म्हटलं होतं; आमच्याकडे कुणीच आलं नाही. नोव्हेंबरात व्याही करोनाने गेले होते. विहीणबाईंनी रिकामी ताटं दोन मांडली. मी त्यांच्या शेजारी बसून मनातल्या मनात णमोकार म्हणत राहिले.