मकावची रात्र

समुद्र हटवून मिळवलेल्या कोताईच्या भूमीवरील त्या प्रासादतुल्य हॉटेलांतून, रंगवलेल्या आकाशाखाली वाहणारे व्हेनिसचे कृत्रिम कालवे पाहत आणि बाकाराच्या मेजांभोवतीची निःशब्द एकाग्रता न्याहाळत आज सायंकाळभर हिंडलो, तरी या नगरीचे खरे वैभव अन्यत्र असावे असेच वाटत राहिले. १९६२ पासून स्टॅन्ली हो यांच्या कंपनीकडे असलेला जुगाराचा मक्ता २००२ साली संपला, नवे परवानेदार आले, आणि चारच वर्षांत येथील द्यूताच्या उत्पन्नाने लास वेगासच्या प्रसिद्ध हमरस्त्यालाही मागे टाकले. झगमगाटाचे मूळ ते एवढेच.

मग पायी टायपाच्या जुन्या वस्तीत गेलो. अरुंद गल्लीतल्या एका खाणावळीत मिंची पुढे आली: सोया सॉसमध्ये परतलेला खिमा, त्यात तळलेल्या बटाट्याचे बारीक चौकोन, वर कडा कुरकुरीत झालेले अंडे, पिवळा बलक फुटून भातात उतरला, आणि त्या पहिल्या घासातच चिनी कढई व पोर्तुगीज घर एकत्र नांदताना जाणवले. आफ्रिकन चिकनच्या दाट रश्श्यात नारळ, शेंगदाणे आणि मिरची होती. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या हुकमतीखाली चालत असे, हे स्मरता ती चव मला परकी वाटेना.

अद्ययावत करमणुकीच्या शोधात येथे येणाऱ्याने प्रथम या गल्लीत जेवावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. मिश्र वंशाची जी थोडी कुटुंबे हे पाकशास्त्र जपत आहेत, त्यांच्या चुली पेटत्या राहाव्यात, ही मनापासूनची इच्छा.